उभ्याने घेतलेला साचा

माझी आई बसत नसे. अगदीच नसे असं नाही. जेवायला बसायची, बसमध्ये जागा मिळाली तर बसायची, पण तिथेही सीटच्या काठावर, म्हणजे कुणी हाक मारली तर उठायला सोपं. घरात चार खुर्च्या होत्या. एक बाबांची, एक माझी, एक येणाऱ्या-जाणाऱ्याची, आणि चौथीवर घडी घातलेले कपडे. पाहुणे म्हणायचे, "अहो, तुम्हीही बसा ना." ती म्हणायची, "मी बसलेलीच आहे," आणि ओट्याला टेकून उभी राहायची. यात तिला काही विनोदी वाटत नसे. मला वाटायचं, पण मी हसले की ती माझ्या हातात घासायची भांडी द्यायची.

एका मोठ्या लॉन्ड्रीत ती वाफेच्या प्रेसवर होती. तिथे हॉटेलांचे, दवाखान्यांचे, शाळांचे कोट यायचे. सात प्रेस एका रांगेत, आणि दुसरी तिची. एकोणिसाव्या वर्षी ती त्या मशीनसमोर उभी राहिली आणि पुढची एकतीस वर्षं हलली नाही. लॉन्ड्रीत तिला सगळे 'दोन नंबर' म्हणत. "माझी आई दोन नंबरचं काम करते," असं मी शाळेत एकदा अभिमानाने सांगितलं होतं, आणि बाईंनी मला वर्गाबाहेर नेऊन हळू आवाजात चौकशी केली होती.

प्रेसचं काम दिसायला सोपं. कोट गादीवर पसरायचा, डाव्या पायाने पेडल दाबायचं की वरचं झाकण खाली येतं, वाफ सुटते, पाय काढला की झाकण वर. दिवसाला हजारदा तरी. पण डावा पाय पेडलवर असतो तेव्हा अख्खं शरीर उजव्यावर तोललेलं असतं, हे बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आमच्याही आलं नाही. ती कॉलर आधी करायची, मग खांदे, मग बाह्या, आणि पाठ सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात जास्त वेळ घेऊन. "घालणारा आरशात पुढचं बघतो," ती म्हणायची. "पाठ बाकीचे बघतात." त्या कामावर तिचा जीव होता. सुट्टीच्या दिवशी तिचे हात रिकामे दिसत, आणि ती आमचे रुमालसुद्धा दोनदा इस्त्री करायची.

बाबा एका दवाखान्याच्या तळघरात काम करायचे. तिथे हातापायांचे आधार, पट्टे आणि बुटात घालायच्या इनसोल बनतात. बाबांकडे इनसोलचं काम होतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माणूस खाली उतरायचा, बाबा त्याच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसायचे, पाय मांडीवर घ्यायचे आणि साचा काढायचे. तीस वर्षांत त्यांनी शहरातले निम्मे पाय पाहिले असतील आणि चेहरे जवळजवळ कुणाचेच नाहीत. रस्त्यात कुणी ओळख दाखवली की ते आधी खाली बघायचे, मग म्हणायचे, "हां, काय म्हणतोय डावा?"

आमच्याकडे जेवताना पावलांवर बोलणं व्हायचं. इतर घरांत काय बोलतात मला माहीत नाही. लहान मुलांचे पाय सपाटच असतात, कमान हळूहळू तयार होते, आठ-दहा वर्षांची होईपर्यंत आईबापांनी उगाच जिवाला घोर लावून घेऊ नये. काहींचे मोठेपणीही सपाटच राहतात, आणि दुखत नसेल तर त्या पायांना हात लावायचं कारण नाही. बसलं की कमान दिसते आणि उभं राहिलं की नाहीशी होते, तो पाय लवचीक. त्याला इनसोलचा उपयोग होतो. मात्र साचा बसलेल्या माणसाचा घ्यायचा, पाय सैल, टाच हाताने सरळ धरलेली. "उभ्याने घेतला तर काय हाती लागतं?" बाबा विचारायचे, आणि मी घास गिळून म्हणायचे, "आजाराचा साचा." तळघराच्या भिंतीवर त्यांनी स्वतः लाल रंगात लिहिलं होतं: आधी बसा.

आई आणि मी दोघी जन्मापासून सपाट. आंघोळीनंतर फरशीवर ओले ठसे उमटत, त्यात बाबांच्या पावलाला मधे नीट आत गेलेली बाजू असायची आणि आमची दोघींची पावलं सरळसोट. "आपल्या घरात बायकांच्या पावलांना कंबर नाही," असं बाबा म्हणत. आई म्हणायची, "एवढं उभं राहून कंबरच राहिली नाही, पावलांचं काय घेऊन बसलात." दोघी आयुष्यभर चाललो, धावलो, कधी काही दुखलं नाही. तरी आई पन्नाशीच्या जवळ आली आणि तिचा उजवा घोटा आतल्या बाजूने दुखायला लागला, तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. सपाट पाय आहेत, दुखणारच. हे बाबांनीच म्हटलं, आणि बाबांना पायांतलं कळत होतं.

एका संध्याकाळी ते तळघरातून फोमचा डबा घेऊन आले. बुटाच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा, आत मऊ फोम, त्यावर पाय दाबला की ठसा खोल बसतो. आई कांदा परतत होती.

"बस जरा," बाबा म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे."

"कांदा करपेल."

"गॅस बारीक कर."

"तुम्ही ठेवा ना ते खाली. मी पाय देते."

"अगं, असं उभ्याने नसतं घेत."

"मला नाही आवडत तुम्ही पायाशी बसलेले," आई म्हणाली. आवाज खाली आणला होता तरी मला ऐकू आलं. "पोरगी बघतेय. ठेवा खाली."

मी खरंच बघत होते. बाबांनी डबा ओट्याजवळ जमिनीवर ठेवला. आईने झारा न सोडता चप्पल काढली, उजवा पाय फोमवर ठेवला आणि त्यावर सगळा भार टाकून कांदा हलवला. मग डावा. फोम करकरला. बाबांनी डबा उचलून दिव्याकडे धरला. दोन्ही ठसे तळाशी सपाट होते, ताटासारखे. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चालेल."

हा शब्द ते तळघरात कधी वापरत नसत. तिथे एका म्हाताऱ्या शिक्षकाला साचा थोडा हलला म्हणून त्यांनी तीनदा बोलावलं होतं.

इनसोल तयार झाल्या आणि आईला पहिल्याच दिवशी छान बसल्या. इतक्या छान की तिने लॉन्ड्रीत चार जणींना काढून दाखवल्या. बाबा सुखावले. खरं म्हणजे तेव्हाच त्यांच्या डोक्यात काहीतरी वाजायला हवं होतं. प्रत्येक माणसाला ते सांगायचे की पहिले पंधरा दिवस बोचणार, पाय कुरकुरणार, कारण इनसोल त्याला पडलेल्या जागेवरून उठवते. आईला काही बोचलं नाही. तिचा पाय पडला होता आणि खाली बाबांनी त्याला बरोबर त्याच मापाची गादी करून दिली होती.

तो हिवाळा असावा. शनिवारी मी कॉलेज सुटल्यावर आईला लॉन्ड्रीतून आणायला जायचे. बूट पिशवीत टाकून ती चपला घालायची आणि आम्ही बाजारात जायचो. पदपथ अरुंद होता, ती पुढे आणि पिशव्या घेऊन मी मागे. मागून चालताना बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तिचे पाय बघायचे. डाव्या पायाची बाहेरच्या बाजूने दोन बोटं दिसायची. उजव्याची चार.

"आई, तुझ्या उजव्या पायाला बोटं जास्त आहेत," मी म्हटलं.

"मोजत बस. अभ्यास नको."

घरी आल्यावर जेवताना मी हे बाबांना सांगितलं. ते टेबलाच्या पलीकडे, आईच्या समोर बसले होते. हसले. "मग इनसोल रुंद करून देतो," म्हणाले. आईही हसली. मला बरं वाटलं, कारण माझ्या विनोदांना आमच्या घरात फारसं गिऱ्हाईक नव्हतं. पुढे बरेच दिवस तिच्या पायाला 'चौबोटी' म्हणत होतो.

दोन वर्षं गेली. या दोन वर्षांचं मला नीट काही सांगता येत नाही, कारण त्यात काही झालंच नाही. घोट्याच्या आत सूज आली, ती रोज संध्याकाळी असायची आणि सकाळी कमी व्हायची, मग सकाळीही तशीच राहायला लागली. तिच्या उजव्या बुटाची टाच आतून झिजली. बाबांनी ती बदलून आणली. ती पुन्हा झिजली. आई प्रेसवर पाय बदलून काम करायला लागली, उजवा पेडलवर आणि डावा जमिनीवर, आणि एकतीस वर्षांचा ताल चुकून तिने एका कोटाची पाठ भाजली. घरी येऊन ती म्हणाली, "आज पाठ जाळली." इतकंच. त्या दिवशी ती स्वयंपाक करताना ओट्यावर कोपर टेकून उभी होती. मी पाहिलं आणि माझ्या खोलीत गेले.

लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी शेवटी तिला रजेवर पाठवलं. "पाय बरा करून या," त्या म्हणाल्या. "दोन नंबर तुमचीच आहे. पण अशी उभी राहिलात तर मला झोप लागायची नाही." म्हणजे प्रश्न साधा होता. पाय बरा झाला तर प्रेस, नाही तर नाही. आईला दुसरं काही नको होतं, आणि तिला दुसरं काही येतही नव्हतं, असं ती स्वतःच म्हणायची.

बाबांच्या दवाखान्यात पायाचा शल्यविशारद नव्हता, म्हणून आम्ही तिघं दुसरीकडे गेलो. डॉक्टरबाई वयाने लहान होत्या. त्यांनी आईला बूट-मोजे काढायला लावले. आई सवयीने उभीच होती. बाबा खुर्चीत, तिच्या समोर.

"पाठ करा माझ्याकडे," डॉक्टरबाई म्हणाल्या. आई वळली. "आता डाव्या पायाच्या चवड्यावर उभ्या राहा. टाच उचला. छान. आता फक्त उजव्या."

आईने टेबल धरलं. उजवी टाच उचलली गेली नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. खांदे वर गेले, मान ताठ झाली, टाच जमिनीवरच. ती आमच्याकडे वळून बघायला लागली. तिचा चेहरा असा होता की कुणीतरी खालून टाच धरून ठेवलीय आणि आम्ही त्याला सोड म्हणून सांगावं.

डॉक्टरबाईंनी बाबांना बोलावलं. "तुम्ही यातलेच आहात ना? इकडे मागे या. बोटं मोजा."

बाबा उठले. टेबलाला वळसा घालून आईच्या मागे गेले. ते वाकले, मोजली, आणि वाकलेलेच राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. तिथे पायाच्या हाडांचं चित्र होतं, प्रत्येक हाडाला वेगळा रंग. मला त्या क्षणी काहीही वाटलं नाही, हे मी खरं सांगते. मला ते रंग आठवतात.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. घोट्याच्या आतून एक दोरी खाली जाते, पावलाची कमान तीच तोलून धरते. जन्मापासून सपाट असलेले दोन्ही पाय ही एक गोष्ट. मोठेपणी एकच पाय आणखी सपाट होत जातो, आतून सुजतो, बाहेर वळतो, म्हणून मागून त्याची बोटं जास्त दिसतात, ही वेगळी गोष्ट. तिथे ती दोरी झिजत असते. सुरुवातीला कळलं तर काही आठवडे प्लास्टर, विश्रांती, घोट्याला आधार, नीट इनसोल, पोटरीचे व्यायाम, आणि बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. आता दोरी तुटल्यात जमा होती आणि सांधेही आखडले होते. टाचेकडचे सांधे स्क्रूने जोडून टाकायचे, म्हणजे दुखणं जाईल. पाय चालेल. पण तो आता वाकणार नाही, पेडलचं काम विसरा, आणि एका पायावर तासन् तास उभं राहण्याचंही.

मग त्यांनी आईच्या बुटातून इनसोल काढल्या, बोटांनी दाबून पाहिल्या. "या कुणी केल्या?"

"मी," बाबा म्हणाले.

"साचा कसा घेतला होता?"

आईच म्हणाली, "ते बस म्हणत होते. मीच उभी राहिले. कांदा होता गॅसवर."

डॉक्टरबाईंनी इनसोल परत बुटात घातल्या. "यामुळेच झालं असं नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित नीट असत्या तरी झालं असतं." परतीच्या बसमध्ये तिघांना जागा मिळाली. आई खिडकीशी बसली, पाठ टेकून. मी तिला तशी बसलेली कधी पाहिली नव्हती.

बाबांचा मला राग आला. तो मी दोन दिवस नीट सांभाळला, आणि तिसऱ्या दिवशी तो बोथट झाला, कारण त्याच्या आड मला चार बोटं दिसत होती. मी मोजली होती. फक्त त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते समोर बसले होते. आमच्या घरात या विषयावर भांडण झालं नाही. कुणी रडलंही नाही. आम्ही एकमेकांना मीठ, पाणी, टॉवेल देत राहिलो.

ऑपरेशन झालं. चौथ्या खुर्चीवरचे कपडे पलंगावर गेले आणि आई तिथे बसली, पाय उशीवर. तीन महिने. मालकीणबाई भेटायला आल्या, तिच्यासाठी काउंटरची उंच खुर्ची राखून ठेवली आहे म्हणाल्या. कपडे घ्यायचे, पावती द्यायची, बसून. आई बरं म्हणाली. मग विचारलं, "दोन नंबरवर कोण आहे?"

"नवीन मुलगी घेतलीय. हात चांगला आहे."

"डाव्यानेच दाबते का पेडल?"

"हो, तुमच्यासारखंच."

"तिला सांगा, तासातासाला पाय बदल. सुरुवातीपासून बदलला तर ताल चुकत नाही. आणि उभं राहायला जाड रबराची चटई द्या." आईने उशीवरचा पाय हाताने सारखा केला. "आणि घोटा दुखला तर मला भेटायला सांगा. कुणी काही म्हणो, लगेच."

मालकीणबाईंनी मान डोलावली. गेल्यावर आई म्हणाली, "पाठ कशी करते ते विचारायचं राहिलं."

त्याच सुमारास मी बाबांचा डबा द्यायला तळघरात गेले. भिंतीवर 'आधी बसा'च्या खाली त्याच लाल रंगात नवीन ओळी होत्या: मग उभे राहा. मग पाठ करा. बाबा स्टुलावर नव्हते. एका जाड्या पोलिसाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं आणि ते त्याच्या मागे जमिनीवर मांडी घालून बसले होते. "एक एक टाच," ते म्हणत होते. "उचला. धरा. परत." पोलीस वैतागला होता. चिठ्ठीत फक्त इनसोल लिहिली आहे, म्हणाला. बाबांनी त्याला दहा वेळा उचलायला लावलं.

प्लास्टर निघालं, आई काठी घेऊन चालायला लागली, मग काठीशिवाय. पाय ती ठेवील तसा राहायचा. पावलाची बाहेरची बाजू, करंगळीपासून घोट्यापर्यंत, बधिर झाली होती. चिरताना एखादी नस दुखावते, येईल परत, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आई कधी कधी पेनाच्या टोकाने तिथे टोचून बघायची. बेरीज जुळतेय का बघावी इतक्या शांतपणे. काउंटरवर ती रुजू झाली होती. कशी आहे खुर्ची, मी विचारलं. "मऊ आहे," ती म्हणाली.

नवीन बुटांसाठी नवीन इनसोल लागणार होत्या. बाबा पुन्हा फोमचा डबा घेऊन आले. संध्याकाळ होती, गॅस बंद होता. बाबांनी डबा टेबलावर ठेवला. आई येऊन चौथ्या खुर्चीवर बसली, मोजा काढला आणि पाय पुढे केला. बाबा डबा घेऊन जमिनीवर बसले. मी उठून जायला लागले तर आई म्हणाली, "राहू दे. बस."

बाबांनी तिचा पाय दोन्ही हातांत घेतला. हे मी पहिल्यांदा पाहत होते.

"उभी राहू का?" आईने विचारलं.

"राहा, नाही तर बस," बाबा म्हणाले. "आता दोन्हीचा साचा सारखाच येतो."

आईने थोडा विचार केला. "मग बसतेच," ती म्हणाली.

बाबांनी पाय फोमवर ठेवला, टाच सरळ धरली आणि हळूहळू दाबली. ठसा उमटला. मग त्यांनी पाय बाहेर काढला आणि खाली ठेवायच्या ऐवजी तसाच मांडीवर घेऊन बसले. बधिर झालेली बाहेरची बाजू त्यांच्या तळव्यावर टेकली होती. आई खिडकीबाहेर बघत होती. बराच वेळ झाला तेव्हा तिने विचारलं, "झालं का? सोडलात का पाय?"

"नाही. धरलाय."

"बरं," ती म्हणाली. "मला कळत नाही, म्हणून विचारलं."